किती वाजता बघितलं?

आमच्या गल्लीतल्या या माणसाला काहीही सांगा, तो आधी विचारणार, "किती वाजता बघितलं?" तूर पिवळी पडली म्हणा, नाहीतर शेजारीण रागात दिसली म्हणा.

त्याचं कामच तसलं. दोन उपग्रह एकच रान कमीजास्त हिरवं दाखवतात. ते दोन्ही एकाच वेळी वरून जाणार असले, की हा हिरवेपणा मोजायचं यंत्र घेऊन बोरी गावाजवळच्या रानात उभा राहतो आणि त्यांचा मेळ घालतो.

"मग खरा कोणता?" मी एकदा वैतागून विचारलं.

"दोन्ही खरंच बोलायलेत, काका. फक्त एकमेकाला धरून न्हाईत."

मला काही कळलं नाही.

परवा दादाचं नि माझं वाजलं. तो म्हणतो, वडील लय मायाळू होते. मला त्यांचा पट्टा आठवतो. तेव्हापासून आम्ही बोलत नाही. हे मी याला सांगितलं. मोजणीआधी यंत्र जुळवून घ्यायची पांढरी पाटी रुमालानं पुसणारा त्याचा हात थांबला.

"दोघांनी एकाच टायमाला बघितलं का?"

दादा माझ्याहून बराच मोठा. मला कळायला लागलं तेव्हा तो नोकरीला बाहेरगावी होता. मधे वडिलांना काय झालं, हे आता दादालाच विचारायला पाहिजे. आणि दादाशी तर मी बोलत नाही.