आठ वाजताची मुलगी

आमच्या चर्चच्या मंडळीची बुधवारची प्रार्थनासभा घरोघरी फिरते. वेळ सात ते साडेआठ. प्रत्यक्षात ती आठला पाच कमी असताना संपायची. आठ वाजता एका मराठी वाहिनीवर मालिका लागत असे, हे त्याचं कारण. अधिकृत कारण मात्र वेगवेगळं असायचं. एकीला गुडघे, दुसरीला दूध तापवायचं, तिसरीच्या गल्लीत कुत्री. आठनंतर ना गुडघे दुखत, ना कुत्री भुंकत.

मी एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादक आहे. बुधवार सुट्टीचा. रत्नागिरीत आत्याच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहतो आणि सभेसाठी आत्याला स्कूटरवरून नेतो-आणतो, त्यामुळे उपस्थिती आपोआप लागते. आत्या निवृत्त परिचारिका. तिने निम्म्या शहराला सुया टोचल्या आहेत, आणि समोरच्याला पुढे दुखेल की नाही हे ती आधी सांगत नाही.

पाळक, म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू, तरुण होते, नगरकडून आलेले. टीव्हीविरुद्ध त्यांनी सलग चार रविवार उपदेश केला. मालिका घरं मोडतात, मनं नासवतात, संध्याकाळ खातात, असे तीन मुद्दे. चारही उपदेश त्यांनी मोबाइलवर चित्रित करून स्वतःच्या चॅनलवर टाकले आणि शेवटी घंटीचं बटण दाबायची विनंती केली. मंडळीने बटण दाबलं. आठ वाजता टीव्हीचंही दाबलं.

त्या मालिकेत एक ख्रिस्ती शेजारीही होता. त्याच्या गळ्यात वीतभर क्रूस, हातात गिटार, सकाळपासून प्यालेला, आणि मराठी अशी की ऐकणाऱ्याला वाटावं, कालच बोटीतून उतरला. आमच्या मंडळीत गिटार कुणालाच येत नाही. पेटी आहे, तबला आहे, नाताळला करंज्या असतात. पण त्या माणसाबद्दल कुणी तक्रार केली नाही. उलट तो पडद्यावर आला की आत्या म्हणायची, "आला बघ आपला." आपल्यातला कुणीतरी टीव्हीवर आहे, याचंच कौतुक. मी पत्र लिहून निषेध नोंदवावा, असं सावर्ड्याच्या बाईंनी सुचवलं होतं. नंतर त्यांनीच विचार बदलला. निषेध केला तर तो माणूस मालिकेतून काढतील, ही त्यांची भीती.

सावर्ड्याच्या बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. विनंत्यांची वही त्यांच्याकडे. सभेत ज्याला ज्यासाठी प्रार्थना हवी ते सांगायचं, बाई शाळेतल्या अक्षरात नोंदवणार, मग सगळे डोळे मिटणार. प्रार्थना ऐकली गेली की त्या ओळीवर लाल पेनाने काट. वही बाईंची, पेन बाईंचं, ऐकली गेली की नाही हा निर्णयही बहुतेक वेळा बाईंचाच. वहीत नोंदवलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दाभोळला पोचते. आमच्या दैनिकाची गाडी त्यानंतर पोचते.

म्हणून आत्याने वहीत आपल्या मुलीचं नाव कधीच घातलं नव्हतं.

माझी आतेबहीण. तिच्यासाठी कल्याणचा मुलगा आत्यानेच निवडला होता. लग्न आमच्या चर्चमध्ये झालं, अख्खी मंडळी जेवली. दोन वर्षांनी बहीण नवऱ्याचं घर सोडून पनवेलला एका खोलीत राहायला गेली आणि तिथल्याच प्रयोगशाळेत नोकरीला लागली. कारण तिने आईला फोनवर सांगितलं. ते ऐकून आत्या एवढंच म्हणाली, "परत जा. देवासमोर शपथ घेतलीस ना?" फोन बंद झाला. त्याला आठ महिने झाले होते. आत्याने नंतर बरेचदा फोन केला, तिकडून कुणी उचलला नाही. मंडळीत कुणी विचारलं की आत्या म्हणे, "मजेत आहे. ड्युटी फार असते." खोटं बोलताना ती नाडी बघितल्यासारखी स्वतःचं मनगट धरते. हे मला माहीत होतं, मंडळीला नव्हतं.

एका बुधवारी आमच्याच घरी सभा होती. विनंत्या संपत आल्या होत्या. साखर, मोतीबिंदू, कुणाचा व्हिसा. आत्या अचानक म्हणाली, "एक मुलगी आहे. घर सोडून एकटी राहिलीय. आईशी बोलत नाही. तिच्यासाठी."

बाईंचं पेन थांबलं. "कुठली गो?"

आत्याने मनगट धरलं. "ती... आठ वाजताची."

हशा पिकला. मालिकेतली नायिकाही त्याच सुमारास सासर सोडून वसतिगृहात राहायला गेली होती, आणि तिच्या आईने तोंडावर दार लावलं होतं.

"अगो, देवाला नट्यांची कामं लावतेस?" एकीने विचारलं.

"हसू नका," दुसरी म्हणाली. "काल किती रडली बिचारी. मी तर जेवलेच नाही."

"तू बघतेस?"

"मी नाही, सून बघते. मी शेजारी बसते."

सगळ्यांनी पाळकांकडे पाहिलं. त्यांची पंचाईत झाली. हरकत घ्यायची तर मुलगी मालिकेतली आहे हे त्यांना कसं कळलं, ते सांगावं लागलं असतं. त्यांच्या पत्नी जमिनीकडे बघत होत्या. पाळक म्हणाले, "देवाला कोणी परकं नाही." बाईंनी लिहिलं: घर सोडलेली मुलगी, आठ वाजताची.

आमच्या डेस्कवर नाव-गाव नसलेली बातमी लागत नाही. प्रार्थनेत लागते. पुढचे अकरा बुधवार त्या मुलीसाठी प्रार्थना झाली, आणि ती साखर-मोतीबिंदूपेक्षा जास्त कळवळ्याने झाली. तिला सद्बुद्धी मिळो, असं आधी म्हणत. मग मालिकेत नवऱ्याने तिच्यावर हात उगारला, त्या आठवड्यापासून म्हणू लागले, तिला बळ मिळो, आणि तिच्या आईचं काळीज मऊ होवो. मागणीतला हा बदल कुठल्याही उपदेशाने घडवलेला नव्हता. त्याच बायका, त्याच खुर्च्या. खऱ्या मुलीबद्दल बोलायचं असतं तर पहिलीच मागणी अकरा बुधवार टिकली असती. 'आईचं काळीज' हे शब्द आले की आत्याचं आमेन सगळ्यांच्या नंतर यायचं.

घरी परतताना मी एकदाच म्हणालो, "सरळ सांगून टाक ना."

"कुणाला? बाईंना? मग तुझ्या पेपरातच छाप की."

मग वाहिनीने मालिका गुंडाळली. प्रेक्षक घटले होते म्हणे. जे कित्येक महिने सुटत नव्हतं ते एका भागात सुटलं. नवरा सुधारला, सासू रडली, आईने दार उघडलं, मुलगी फुलांच्या माळा लावलेल्या घरात परत गेली. गिटारवाल्या शेजाऱ्याने दारू सोडली.

त्या बुधवारी सभेत उत्सव होता. "ऐकली बघा प्रार्थना," एकीने साक्ष दिली. मंडळीच्या मध्यस्थीने वाहिनीचा निर्णय झाला, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. पाळकही हसत होते. बाईंनी वही उघडली, लाल पेनाचं टोपण काढलं.

"काट मारू नका," आत्या म्हणाली.

"का गो? गेली ना ती परत."

"ती गेली. माझी नाही."

"तुझी कोण?"

"माझी मुलगी. अकरा महिने होत आले, पनवेलला एकटी राहते. नवरा मारायचा. मला सांगितलंन, तर मी म्हटलं परत जा." मनगट तिने धरलेलं नव्हतं. "तुम्ही इतके बुधवार तिच्याचसाठी मागत होता. थांबू नका."

अकरा आठवडे ज्या मुलीसाठी सगळ्यांकडे शब्द होते, ती खरी निघाल्यावर शब्द संपले. पाळकांनी प्रार्थना सुरू केली आणि दोन वाक्यांत अडकले. शेवटी बाईंनी टोपण लावलं, निळं पेन घेतलं आणि 'आठ वाजताची' हे शब्द खोडून तिथे आतेबहिणीचं नाव लिहिलं. त्यांनी तिला चौथीत शिकवलं होतं, आडनाव विचारावं लागलं नाही. सभा संपली तेव्हा साडेआठ होऊन गेले होते. घड्याळाकडे कुणी पाहिलं नव्हतं. अर्थात, बघण्यासारखं आठला आता काही नव्हतंही.

बातमी गुरुवारी दुपारी दाभोळला पोचली. पनवेलला शुक्रवारी संध्याकाळी, बाईंच्या भाचीमार्फत. शनिवारी आत्या तांदूळ निवडत होती. फोन वाजला. आत्याने स्पीकरवर टाकला, कारण हात भरले होते.

"आई, मी आठ वाजताची?"

आत्याने तांदळातला एक खडा बाजूला काढला.

"अकरा आठवडे त्या सगळ्या बायका माझ्यासाठी डोळे मिटून बसल्या? त्या रडक्या बाईच्या नावाने? तिला धड साडीपण नेसता येत नाही!"

"नेसायची बरी," आत्या म्हणाली.

"परत जा म्हणणार असशील तर आत्ताच सांग. ठेवते मी."

"नाही म्हणणार." मग ताट बाजूला सारून, "चुकलं माझं ते."

मी उठून मागच्या खोलीत जायला हवं होतं. गेलो नाही, सवय वाईट.

"आठ वाजता काय बघतेस आता?" बहिणीने विचारलं.

"काही नाही. नवीन लागलीय, त्यात सगळे ओरडतात."

"मग आठला करत जाईन. रोज नाही हां. जमेल तसं."

ती अजून आलेली नाही. बाईंनी दोनदा लाल पेन काढलं, आत्याने दोनदा ठेवायला लावलं. बुधवारची सभा पुन्हा आठला पाच कमी असताना संपते. निघायची घाई आता एकट्या आत्याला असते, पण उठताना मंडळी सगळीच उठते आणि कारण कुणी विचारत नाही. पाळकांनी अलीकडेच चॅनलवर सांगितलं की त्यांच्या उपदेशानंतर मंडळीने आठची मालिका बघणं पूर्णपणे सोडलं आहे. हे खरं आहे.