संजीच्या रिमिक्समधला रेडिओचा सायब

चहा घ्या आधी. गरम आहे तोवर घ्या, कारण माझं ऐकून तुम्ही हसणार, आणि हसताना चहा नाकात जातो. मी मात्र हसणार न्हाय. उभ्या निपाणीची टोपी उडवलेला माणूस मी! शाळा पाचवीपर्यंत, तीसुद्धा मास्तर कंटाळले म्हणून. पण मागच्या आठवड्यात माझ्याच हातानं मी अशी काही घाण करून ठेवलीय की आरशात बघून दाढी करायची लाज वाटते.

माझी नात संजना, म्हणजे आमची संजी, बेंगळूरला असते. पाच दिवस कंपनीत काम, शनिवारी डीजे. डीजे म्हटल्यावर तुम्हाला मिरवणुकीतली खिडक्यांच्या काचा हलवणारी गाडी दिसली ना? मलाही तीच दिसली होती! संजी म्हणाली, "तसला नव्हं आज्जा. मी हाऊस म्युझिक वाजवते."

दर रविवारी ती तिच्या आवडीची गाणी मला मोबाईलवर पाठवते. सोबत सूचना. हे सकाळी ऐक, हे एसटीत ऐक, ह्या रिमिक्समध्ये सातव्या मिनिटाला बास कसा आत येतो बघ. सातव्या मिनिटाला! पहिल्यांदा मी चार मिनिटं नुसतं धप धप धप ऐकलं आणि तिला फोन लावला.

"संजे, गाणं कवा सुरू व्हायचं?"

"आज्जा, हेच गाणं."

"अगं, ही तर उसाच्या मळ्यातली मोटार!"

"मग मोटारीजवळ तुला झोप बरी लागायची! तसंच हाय हे. एक ठोका धरायचा, सोडायचा न्हाय. त्याच्यावर हळूहळू एकेक चढवत न्यायचं."

खोटं कशाला बोलू, मला सवय लागली. म्हशीची धार काढताना लावायचो. म्हशीचं काय मत होतं ते तिनं सांगितलं न्हाय, पण लाथ मारायची थांबली.

मग एक दिवस संजी म्हणाली, "आज्जा, नवीन ट्रॅक करतीय. तुझा आवाज पाहिजे. नकला करतोस न्हवं, त्या फोनवर कर, मी रेकॉर्ड करून घेते."

मला काय, आयतं रान! वखारीतला तंबाखूचा लिलाव केला, बेळगाव गाडीचा कंडक्टर केला, बायको मला हाक मारते ती केली. आणि शेवटी रंगात येऊन रेडिओचा सायब केला. तिथंच मेलो.

हा सायब कोण, ते सांगतो. माझा दोस्त भूपाल. जैनांच्या गल्लीतला, मिरचीचा व्यापारी, माझ्यासारखाच म्हातारा. तरुणपणी पेटी घेऊन गायचा. बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, स्तवनं म्हणायचा. तीस वर्षांमागं त्यानं स्वतःच्या गाण्याची कॅसेट भरून रेडिओला पाठवली, आणि रोज उत्तराची वाट बघत बसला. माझी जीभ वळवळायला लागली. एसटीडी बूथवर गेलो, नाक दाबलं आणि त्याच्या घरी फोन लावला, कानडीत.

"नावु रेडिओदिंद माताडतेवरी. निम्म दनी चलो ऐत्री. आदर नम्म मशीन तडकोळंगिल्ल!"

म्हणजे, आम्ही रेडिओवरनं बोलतोय, तुमचा आवाज चांगला आहे हो, पण आमच्या मशीनला सोसत न्हाय!

वाटलं, भूपाल शिव्या देईल, संध्याकाळी सगळे मिळून हसू. संध्याकाळी गेलो तर हा पेढे वाटतोय! "सायबानं सोता फोन केला! माझा आवाज मशीनला सोसंना म्हणाला!" आणि पेटी धोतरात गुंडाळून माळ्यावर. उगाच आपल्या गाण्यानं कुणाचं काय फुटायला नको म्हणून! त्या दिवसापासनं हा माणूस गायला न्हाय. बस्तीत न्हाय, लग्नात न्हाय, न्हाणीघरातसुद्धा न्हाय. आणि तीस वर्षं, भेटेल त्याला, सायबाचं ते वाक्य कानडीत म्हणून दाखवतो. आता अशा माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं, की सायब मीच?

न्हाय सांगितलं. आज सांगू, उद्या सांगू करत म्हातारा झालो.

तर, संजीचा ट्रॅक आला. मी ऐकला का आधी? ऐकला असता तर हा किस्सा कशाला झाला असता! तसाच मोबाईल आणि ब्लूटूथचा डबडा घेऊन मंगलआक्काच्या चहाच्या गाड्यावर गेलो. सकाळची गर्दी. भूपाल बाकड्यावर बशी फुंकत बसलेला.

"गप बसा रं सगळे! नातीनं रिमिक्स केलाय. आत माझा आवाज हाय!"

धप धप धप धप.

"अण्णा, पिठाची गिरण लावलीसा व्हय?" मंगलआक्का म्हणाली.

"थांब गं, हळूहळू चढतंय."

तीन मिनिटं झाली. भूपालची मान हलायला लागली. गाणाऱ्याची मान ती, ठोका बरोबर धरला. "बरं हाय की रं," म्हणाला. मी खूश. आणि एकदम सगळं थांबलं. एक क्षण गप्प. मग नाकातनं आवाज आला,

"निम्म दनी चलो ऐत्री… मशीन तडकोळंगिल्ल!"

धप धप धप! "तडकोळंगिल्ल! तडकोळंगिल्ल! तडकोळंगिल्ल!"

भूपालच्या हातातली बशी धोतरावर. पण रागानं न्हाय हो! डोळ्यांत पाणी. "सायब! हा तर माझा सायब! तुझ्या नातीला कुठं गावला? जिता हाय?"

आता सांगायची वेळ होती. पण ही जीभ! म्हणाली, "व्हय, जिता हाय. बेंगळूरलाच ऱ्हातोय."

"मला भेटीव! पाया पडतो तेच्या!"

"भेटवू की. जरा आजारी असतोय."

मी मोबाईल बंद करायला बोटं दाबतोय, तर आवाज वाढतोय. तिकडं "तडकोळंगिल्ल" वर सगळा गाडा टाळ्या वाजवतोय. मग ठोका मंद झाला आणि शेवटी आला संजीचा आवाज. पोरीनं फोनवरचं आमचं पुढचं बोलणंपण तसंच ठेवलेलं, गंमत म्हणून.

"आज्जा, हा कोण रं?"

"हा? हा मीच की गं! खी खी खी!"

माझं ते खी खी निपाणीत कुणाला ओळखायला येत न्हाय? धप, धप, आणि संपलं.

भूपालनं रिकामी बशी बाकड्यावर ठेवली, धोतर झटकलं आणि गेला.

तीन दिवस गाड्यावर आला न्हाय. मला जेवण जाईना. बायको म्हणाली, "बरं झालं. कवातरी व्हायचंच हुतं." चौथ्या दिवशी आला, माझ्यासमोर बसला.

"भांडत न्हाय मी. एकच इचारतो. पाठवायच्या आधी ती कॅसेट तू ऐकलीवतीस. खरं सांग, माझा आवाज कसा हुता?"

आता तुम्हाला म्हणून सांगतो. लई गोड होता. तो बस्तीत गायला लागला की मी निमित्त काढून बाहेर कट्ट्यावर बसायचो. ते भूपालला कधी कळू दिलं न्हाय, चेष्टा कशी करणार मग? मी गळ्याला हात लावला.

"गळ्याशपथ भूपाल, लई गोड हुता. तुझ्यासारखा आवाज ह्या भागात न्हाय. पेटी काढ. गा."

भूपालनं माझ्याकडं टक लावून बघितलं. आणि असा हसत सुटला, असा हसत सुटला की बाकडं हललं!

"आक्का, बघितलीस काय? अजून सोडंना मला हा!"

सगळा गाडा हसला. मी म्हणालो, "अरे खरं बोलतोय रं!" तर आणखी हसले. माझ्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी यायला लागलं. खरं पाणी हो, आईशप्पथ!

भूपालनं टाळी वाजवली. "व्वा! हे लई झकास जमलंय बघ! हेपण भरून पाठीव नातीला."