कापडाची सहा बाळं

मी गाद्या भरतो. बाप भरायचा, त्याचा बाप बी भरायचा. शाळेत तिसरीपर्यंत गेल्तो, मंग बापानं धुनकी हातात दिली अन् रुई पिंजायला बसवलं. म्हणून लिहिण्यात चुका असतील तर असू द्या. भरलेल्या गादीत चूक दाखवणारा अजून जालन्यात भेटला न्हाई. कोपरा दाबून बघा, बोट आत जायचं न्हाई.

एके दिवशी दुपारी बदनापूर रोडच्या नर्सिंग कॉलेजातल्या एक मॅडम दुकानात आल्या. मला वाटलं होस्टेलच्या गाद्या असतील. त्यांनी पिशवीतून रबराचं बाळ काढलं अन् गादीवर ठेवलं.

"चाचा, असं बाळ कापडाचं करून मिळंल का? सहा पायजेत."

"मी खेळणी करत न्हाई."

"खेळणं न्हाई हो. पोरी ह्याच्यावर शिकतात."

मंग त्यांनी नीट सांगितलं. बाळंतपणाच्या वॉर्डात जायच्या आधी पोरींनी बाहुल्यावर हात बसवायचा असतो. ओलं बाळ पुसायचं कसं, गुंडाळायचं कसं, श्वासाची वाट मोकळी राहील असं निजवायचं कसं. कॉलेजात हे एकच बाळ, अन् पोरी तीस. रांगेत उभ्या राहतात, हातात येईपर्यंत तास संपतो. आठ दिवसांनी त्यांना वॉर्डात जायचं होतं.

"इथं चुकल्या तर बाहुल्याचं काही जात न्हाई," मॅडम म्हणल्या. "तिथं कुणाचं तरी खरं लेकरू असणार."

लांबी त्यांनी हातानं दाखवली. वजन तीन किलो. अन् मान सैल. मी लांबी ऐकली, वजन ऐकलं. सैल हा शब्द मी आमच्या धंद्यात ऐकून घेत न्हाई.

पहिलं बाळ दोन दिवसांत झालं. दुधना नदीची वाळू धुऊन, वाळवून, दुहेरी पिशवीत शिवून पोटात घातली. वर रुई. शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर ठेवलं, बिलकुल तीन किलो. दुकानातल्या फळीवर बसवलं तर बसलं, न टेकता. मान लोडासारखी घट्ट. मी आल्यागेल्याला दाखवून राह्यलो होतो.

मॅडम आल्या, बाळ उचललं, इकडं तिकडं केलं.

"चाचा, मान."

"काय झालं मानेला?"

"हलत न्हाई."

"हलणारच न्हाई. गच्च भरलीय."

"हलायला पायजे हो."

"मॅडम, साठ वर्षांत ढिलं काम ह्या हातानं केलं न्हाई. आता बी व्हायचं न्हाई."

"ढिलं काम कुठं म्हणते मी? बाळच असं असतं."

"पाच लेकरं हायत मला. मला नका शिकवू."

त्या भांडल्या न्हाईत. बाळ परत फळीवर बसवलं. "पाच दिवस राह्यलेत, चाचा. जमलं न्हाई तर सांगा, भागवू त्या एकावरच." एवढं बोलून गेल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आमचं दुकान पुढं, घर मागं. घरात आम्ही उर्दू बोलतो, इथं मी मराठीत लिहून राह्यलो. जेवताना मी बायकोला सगळं सांगितलं, माझीच बाजू धरून. ती भाकर थापत होती. तिचा हात थांबला.

"अजी, पाच लेकरांतलं एक तरी चाळीस दिवसांच्या आत हातात घेतलं का तुम्ही?"

"घेतलं असंल."

"कोणतं?"

मी पाणी प्यालो. घेतलंच न्हवतं. माझ्या कपड्याला, दाढीला, भुवयांना रुई चिकटलेली असायची. बाळाच्या नाकात जाईल म्हणून माझी आई मला आत येऊ देत न्हवती. मी दारातून बघायचो अन् दुकानात जायचो. हातात यायची तोवर लेकरं आपली आपण बसायला लागलेली, माझी दाढी ओढणारी.

बायको हात पुसून दुकानात गेली, फळीवरचं बाळ घेऊन आली. आडवं घेतलं तसा तिचा तळवा मानेखाली गेला. त्या मानेला हाताची काही गरज न्हवती, तरी गेला.

"बघा, हात आपोआप जातो. डोकं जड असतं अन् खाली धरायला काहीच नसतं. तुमच्या ह्या बाळाला आई कशाला पायजे? खुंटीला टांगा, खुशाल राहील."

मला लई राग आला. राग तिचा आलाय म्हणून मी जेवण अर्धं टाकलं, पण खरं सांगायचं तर तिचा न्हवता.

सकाळी नवं बाळ कापायला घेतलं. ढिले टाके घालायला हात तयार होईना. मंग सुचलं की टाके बारीकच घालू, कापड दुहेरीच घेऊ, मानेत भरायचंच काही न्हाई. डोक्यात मधोमध वाळूची लहान पिशवी, म्हणजे वजन खाली ओढील. मॅडमनी सैल मागितली होती. मी सैल दिली न्हाई, रिकामी दिली. फरक आहे, कुणाला कळो न कळो.

बायको एकेक बाळ दंडावर घेऊन बघायची. दुसऱ्याच्या मानेत सवयीनं मूठभर रुई गेलीच होती. ती म्हणली, "हे दोन वर्षांचं झालं. काढा." माझे टाके आजवर कुणी उसवायला लावले न्हवते. मी काढले. सहावं झालं तेव्हा मुदतीतला एक दिवस उरला होता.

सहा बाळं चादरीत घेऊन ऑटोत बसलो. ऑटोवाला आरशातून बघून राह्यला होता.

"चाचा, कुणाची?"

"माझी."

"सहाच्या सहा?"

"जल्दी चल, पोरी वाट बघून राह्यल्यात."

वर्गात मॅडमनी एक बाळ पुढच्या पोरीला दिलं. तिनं पुडा उचलावा तसं कमरेत धरलं. डोकं मागं लटकलं. ती "अगं बाई!" करून किंचाळली अन् दुसरा हात खाली घातला. सगळ्या हसल्या. पण पुढचीच्या हातात देताना तिनं मान धरूनच दिलं, अन् पुढचीनं हात आधी पसरला. मॅडमनी एक बाळ टेबलावर निजवलं, खांद्याखाली घडी घातली, हनुवटी जराशी वर केली. श्वासाची वाट अशी मोकळी राहते म्हणल्या. माझं पहिलं बाळ कसं बी ठेवा, मी भरलं तसंच राह्यलं असतं. त्याच्यावर ह्या पोरी काय शिकल्या असत्या?

"चाचा, तुम्ही बी घ्या एक," मॅडम म्हणल्या.

आठवडाभर उचलत होतो तसंच मी उशीसारखं उचललं. जाफराबादकडची एक किडकिडीत पोरगी वरडली, "बाबा, मान! मान धरा की!"

माझ्याच मालावरून मला वरडली. मी तळवा खाली घातला. डोकं हातात बसलं. चांगलं जड होतं.

"बराबर?" मी विचारलं.

"आता बराबर."

मी ते जल्दी खाली ठेवलं न्हाई.

पहिलं बाळ अजून दुकानात फळीवर बसलेलं आहे. गिऱ्हाईक मागतं, मी देत न्हाई. बायको म्हणती, हे तेवढं तुमच्यावर गेलंय.

परवा मॅडम परत आल्त्या, आणखी चार बाळं सांगायला. मी आधी पोरींचं विचारलं. वॉर्डात कसं चाललंय?

"सांगावं लागत न्हाई, चाचा. मानेखाली हात आपोआप जातो."

मी मागच्या दाराचा पडदा सारला.

"मॅडम, जरा मोठ्यानं सांगा," म्हणलं. "आत बी ऐकू जाऊ द्या."