परत जाणाऱ्यांचं म्हातारपण

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोला अर्धं माहीत आहे – एका कागदावर माझ्या सहीशेजारी तिचीही सही आहे – पण उरलेलं अर्धं तिलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि वाचताना हसलात तरी मला ते दिसणार नाही. लोक हसताना दिसले की मी काय करतो, ते पुढे येईलच.

आधी कामतेकर. त्यांच्याबद्दल बोलताना मला अजूनही मजा येते – हेही लक्षात ठेवा.

ऐंशीच्या दशकाचा मध्य. शिकागोच्या पश्चिमेला, नेपरव्हिलच्या आसपास, आमच्यातल्या काही इंजिनियरांनी नोकऱ्या सोडून लहानसहान धंदे काढले होते. कामतेकर मूळचे केमिस्ट. प्रयोगशाळेत काही जमेना, तेव्हा त्यांनी थ्री-पीस सूट शिवून घेतला आणि ते आमच्या म्हातारपणाचे सल्लागार झाले. हायवेलगतच्या हॉटेलात खोली भाड्यानं घ्यायचे, फुकट जेवण द्यायचे – शाकाहारी म्हणजे उकडलेला घेवडा – आणि पडद्यावर झाडाचं चित्र टाकायचे. मुळं म्हणजे धंदा, खोड म्हणजे पेन्शन, फळं म्हणजे मुलंबाळं, टॅक्स म्हणजे कीड. झाड त्यांनी स्वतः काढलं होतं. ते फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं दिसे. मरण हा शब्द ते तोंडातून काढत नसत. 'वेल्थ ट्रान्सफर' म्हणत, आणि ते अशा काही अदबीनं, की वाटावं, आपण मरत नसून बढतीवर बदली होऊन चाललो आहोत.

हास्यास्पद माणूस. पण त्यांचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. मी तपासलं. एखादी तरी चूक सापडेल या आशेनं लायब्ररीत बसून टॅक्सची पुस्तकं उलथीपालथी केली. सापडली नाही. अशा माणसाला कुणी क्षमा करतं का?

आणि आम्ही? आम्ही सगळे परत जाणार होतो. मुलगी हायस्कूलला जायच्या आत. मग हायस्कूल संपल्यावर. मग आईसाठी. मग आई गेली, तर घर विकायला. इथली घरं तात्पुरती होती – चार बेडरूमची, पण तात्पुरती. 'पुढच्या वर्षी' हे आमच्यात वर्षाचं नाव नव्हतं, तो एक पत्ता होता. अशा लोकांनी इथल्या म्हातारपणाच्या कागदांवर सही करायची म्हणजे काय? इथंच मरणार हे कबूल करायचं. घरच्यांना न कळवता, फ्लॉवरच्या चित्रासमोर. म्हणून मंडळी घेवडा खात आणि घरी जात.

विनायक मात्र तिथं थांबून राहिला.

विनायक माझा मित्र, नागपूरच्या हॉस्टेलपासूनचा. डेल नावाच्या एका अमेरिकन माणसाबरोबर त्यानं मशीन शॉप काढलं होतं. प्लास्टिकच्या झाकणांचे साचे बनवत. निम्मं शॉप त्याचं, निम्मं डेलचं. कामतेकरांनी दोघांसाठी एक करार बेतला: एक भागीदार गेला, तर त्याचा हिस्सा दुसऱ्यानं ठरलेल्या किमतीला त्याच्या बायकोकडून घ्यायलाच हवा, आणि त्यासाठी लागणारे पैसे विम्यातून यायचे. साधी गोष्ट. डेल तयार होता. विम्याची डॉक्टरी तपासणीही झाली होती, विनायक पास झाला होता. सही तेवढी राहिली होती. हे त्यानं मला फोनवर सांगितलं – लाजत, चोरून काही प्यायल्यासारखं. कुणाला बोलू नकोस म्हणाला.

मी बोललो.

आमच्या मंडळाच्या गणपतीला शाळेचं सभागृह भाड्यानं घेत. कार्यक्रमांच्या मधल्या वेळात माइक माझ्याकडे असे. मी बरं बोलतो, असं लोक म्हणत. लोक म्हणत म्हणूनच मी बोलत असे, दुसरं काय? त्या दुपारी एका मुलीच्या नाचाची टेप अडकली. लोक कंटाळले, पोरं खुर्च्यांखालून पळायला लागली. मी कामतेकरांची नक्कल सुरू केली. झाड, कीड, अदब. ते स्वतः तिसऱ्या रांगेत बसले होते – सूटमध्ये, मांडीवर प्रसादाची वाटी. हशा वाढत गेला. आणि मग – मला थांबता आलं असतं, टेप सुटली होती, मला हातानं खूण झालेली दिसली होती – मी म्हणालो, "आनंदाची बातमी. आपल्या विनायकरावांनी इथंच देह ठेवायचं नक्की केलंय. तारीख तेवढी डेलसाहेब कळवतील."

छप्पर उडालं. विनायकही हसला. मागून कुणीतरी ओरडलं, "काय विनायकराव, पुणं कॅन्सल केलं का?" शालिनी, त्याची बायको, हसली नाही, नवऱ्याकडे बघत राहिली. बहुतेक तिला ते तिथंच कळलं.

पार्किंगमध्ये विनायक माझ्यापाशी आला. म्हणाला, "वश्या, जाऊ दे रे. पुढच्या वर्षी परतच जायचंय, तर कशाला ही भानगड? उद्या कळवतो त्याला, नको म्हणून."

मी म्हणालो, "शहाणा आहेस."

आता बायकोला माहीत असलेलं अर्धं. आदल्याच महिन्यात मी आणि माझी बायको कामतेकरांच्या ऑफिसात गेलो होतो. माझाही लहानसा धंदा होता, बॉयलरच्या तपासणीचा. पेन्शन, विमा, मुलांच्या नावाचा ट्रस्ट – सगळ्यावर आमच्या सह्या झाल्या होत्या. मी सगळीकडे केल्या, एकही न वगळता. वर कामतेकरांना बजावलं, हे बाहेर कळता कामा नये. ते म्हणाले, प्रश्नच नाही. त्या दुपारी तिसऱ्या रांगेतून एक वाक्य बोलून ते माझा पाचोळा करू शकले असते. ते टाळ्या वाजवत होते.

पार्किंगमध्ये मला एवढंच म्हणायचं होतं, की अरे, मीसुद्धा केलंय. तीन शब्द. पण त्या हशाची ऊब अजून अंगावर होती आणि ती मला घरापर्यंत न्यायची होती.

पुढच्या मार्चमध्ये, दुपारी, डबा खाऊन झाल्यावर, विनायक शॉपमध्ये खुर्चीतच गेला. डेल वाईट माणूस नव्हता. हिस्सा विकत घ्यायला काही बांधलेला नव्हता, इतकंच. शालिनीकडे निम्म्या शॉपची मालकी राहिली – पगार नाही, नफ्याचा वाटा नाही, कुणी गिऱ्हाईक नाही. डेलनं वाट पाहिली. मग त्यानं जे देऊ केलं ते तिनं घेतलं. ते बँकेच्या कर्जात गेलं. घरही गेलं. शालिनी एका शाळेच्या कँटीनमध्ये कामाला लागली, मुलगा कॉलेज सोडून गॅस स्टेशनवर. परत जाण्याइतकेही पैसे उरले नाहीत.

अंत्यविधीला कामतेकर आले होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग नमस्कार केला. नेहमीच्याच अदबीनं. मी तोंड फिरवून कुणाला तरी त्यांच्या टायबद्दल काहीतरी बोललो. होय, तिथंसुद्धा.

चौदाव्यानंतर शालिनीनं मला चहा दिला. म्हणाली, "भावजी, तुम्ही तरी त्यांना वेळेवर अडवलंत. नाहीतर विम्याचे हप्तेही त्या कामतेकरांच्या घशात गेले असते." मी चहा प्यायलो. तिचा गैरसमज दूर केला असता तर तिला काय मिळालं असतं, असं मी पुढे कितीदा स्वतःला विचारलं. सोयीचा प्रश्न आहे. मला काय गमवावं लागलं असतं, हे कधी विचारलं नाही, कारण ते ठाऊक होतं.

मी आता ॲरिझोनात, चँडलरला असतो. उन्हाळा भयंकर, बाकी सगळं उत्तम. कामतेकरांचं झाड फळलं. परत कुणीच गेलं नाही. शालिनी दर दिवाळीला फोन करते. या वेळी माझं वय विचारलं, गुडघ्यांची चौकशी केली, आणि मग जरा काळजीनं म्हणाली, "भावजी, तुम्ही तरी वेळेत काही करून ठेवलं होतंत का हो, म्हातारपणाचं?"

"छे," मी म्हणालो, "आपल्याला कुठे जमतं ते?"

ती हसली. मला बरं वाटलं.