खुर्च्यांच्या आडून पाहिलेली कोलांटी

हे माझ्या तोंडून आजवर निघालं नाही. बहिणीजवळ नाही, शेजारणीजवळ नाही. विहारात डोळे मिटून बसते तेव्हा मनातल्या मनातसुद्धा पूर्ण वाक्य होत नाही. अर्धं वाक्य येतं आणि मी डोळे उघडते. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून जीभ सैल होऊन राहिली असेल. मला फाटे फोडायची सवय आहे, हे आधीच सांगून ठेवते. थोडं सांभाळून घ्या.

मी संशयी बाई आहे. दूधवाल्याच्या मापावर संशय, सून फोनवर हळू बोलली की संशय, कोणी फार गोड बोललं की तर विचारूच नका. माझ्या सासूनंही मला असंच — पण नाही. ते सांगायला लागले की ते कारण होऊन बसेल. कारण नको.

सेजल माझी नात. प्रकाशची, माझ्या मुलाची, एकुलती एक पोरगी. तेव्हा अकरावीत होती. तिच्या मामानं वाढदिवसाला स्केटबोर्ड दिला होता — चार चाकांची फळी, दुसरं काय. आमच्या वस्तीच्या मागं एक लग्नाचं लॉन आहे. पितृपक्ष लागला की तिथं चिटपाखरू नसतं. सिमेंटचं मोठं गुळगुळीत अंगण नुसतं पडून असतं. चौकीदार भला माणूस, पोरांना आत सोडायचा. रोज संध्याकाळी ही फळी घेऊन तिथं जायची. जाताना सांगून जायची, आल्यावर काय केलं तेही सांगायची. काहीच लपवलं नव्हतं हो तिनं.

आणि मला नेमकं तेच खुपायचं. इतकं उघड कोणी कशाला सांगतं? फळी म्हणजे बहाणा असेल. सोळा वर्षांची पोरगी नुसती घसरायला रोज जाते, हे पटण्यासारखं आहे का?

मग मी पाळत ठेवायला लागले. नडग्यांवर काळे-निळे डाग — कोणी मारतं का हिला? डाव्या बुटाची करंगळीकडची बाजू पार घासून भोक पडलेली. चालून कोणाचा बूट असा एका बाजूनं घासतो? मी म्हटलं, मोटारसायकलवर मागं बसत असेल कोणाच्या, पाय रस्त्याला लागत असेल. हसू नका, उडी मारताना बूट फळीवर घासतो हे मला तेव्हा कुठं माहीत! मी तिच्या ओढणीचा वास घेऊन पाहिला आहे. जीन्सचे खिसे धुण्याच्या नावाखाली उलटे केले आहेत. निघालं काय, तर फळी घसरावी म्हणून कट्ट्याला घासायच्या मेणाचा एक तुकडा आणि चाकाचा एक नट.

एक दिवस ती माझ्याजवळ येऊन बसली, फोनवर कोण्या पोराचा व्हिडिओ दाखवायला. हॉस्पिटल फ्लिप म्हणतात त्याला — नावातच दवाखाना! उडी मारायची, खालची फळी हवेत अर्धी उलटते, चाकं आभाळाकडे. ती उलटी असतानाच पुढच्या पायानं टोकाला खालून उचकवायचं, की फळी टोकावरून कोलांटी खाऊन सुलटी होते, आणि आपण पुन्हा तिच्यावर. "कोणी नाही करत आजी हे, जुनं झालं. म्हणूनच मले करायचं आहे," म्हणाली. मी मान हलवली. डोळे मात्र स्क्रीनच्या वरच्या कडेवर होते — कोणाचा मेसेज येतो, नाव काय?

प्रकाश मिहानमधल्या एका कंपनीत शिफ्टवर जातो. थकून येतो, चहा पितो, आणि चहासोबत मी त्याच्या कानात घालायची — "लक्ष ठेव गा पोरीवर. मी काही म्हणत नाही. पण लक्ष ठेव." काही म्हणत नाही म्हणत म्हणत किती म्हटलं असेल!

मग मी तिचा फोन काढून घेतला. ती अंघोळीला गेली तेव्हा उचलला आणि माझ्या थैलीत, पांढऱ्या साडीच्या घडीखाली ठेवला. उघडता येत नव्हता. पण वाजला तर कोणाचा ते दिसेल, एवढीच अक्कल. तिनं शोधला, सापडला नाही, "येईन मग पाहते," म्हणून गेली. मी घरी सांगितलं, विहारात वंदनेला जाते. आणि गेले तिच्या मागं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या विहारात लहान पोरांना पंचशील मी शिकवते. चौथं शील — खोटं बोलू नये — पोरं घाईत म्हणतात, तर मी थांबवून पुन्हा म्हणायला लावते.

लॉनच्या एका कडेला प्लास्टिकच्या खुर्च्यांची थप्पी होती, माणसाहून उंच. तिच्या आड उभी राहिले. कोणी आलं नाही. मोटारसायकल नाही, मुलगा नाही, रोजची पोरंही त्या दिवशी नव्हती. ती एकटी. पडत होती, उठत होती, हात झटकत होती, स्वतःलाच शिव्या देत होती. मी वाट पाहत राहिले. कशाची? ती खोटी निघण्याची — दुसरं काय म्हणू?

आणि मग तिनं तो फ्लिप मारला. फळी उलटली, चाकं वर गेली, तिचा पाय खालून लागला, आणि फळीनं टोकावरून कोलांटी घेतली. दोन्ही पाय फळीवर, आणि ती सरळ पुढं घसरत गेली.

ती ओरडली नाही. थांबली, आणि चहूकडे पाहिलं — कोणी पाहिलं का म्हणून. खिसा चाचपला. फोन नव्हता. पुन्हा एकदा चहूकडे पाहिलं.

मी खाली बसले. खुर्च्यांच्या मागं, गुडघे दुखत असताना, पटकन खाली बसले.

दुसऱ्या गल्लीनं घरी आले आणि फोन तिच्या उशीखाली सारला. ती आली ती दारातूनच, "आजी, जमलं वं! हॉस्पिटल जमलं!" प्रकाश घरीच होता.

"कोणं पाहिलं?"

"कोणीच नव्हतं, पप्पा."

"मंग व्हिडिओ दाखव."

"फोन घरीच राहिला."

"वा! फोन घरी ठेवायचा म्हणजे आम्ही लावू नाही, दोन घंटे गायब राहायचं, आन आल्यावर फळीच्या कोलांट्या सांगायच्या? येडे दिसून राहिलो का आम्ही तुले?"

"खरं सांगून राहिली, पप्पा. काहून खोटं बोलू मी?"

मग तो माझ्याकडे वळला. "आई, तू सांग. खरं वाटते तुले?"

ती माझ्याकडे पाहत होती. पोरगी घाबरलेली नव्हती. आजी आपल्या बाजूनं बोलणार, याची तिला खात्री होती.

मी म्हटलं, "मले काय माहीत बाप्पा. आजकालच्या पोरी..."

एवढंच. वाक्य पूर्णसुद्धा केलं नाही. तिचा चेहरा माझ्यासमोर मिटला. खरं सांगायचं तर मला लॉनमध्ये होते म्हणावं लागलं असतं, फोन मी घेतला म्हणावं लागलं असतं, वंदनेचं नाव सांगून पाळतीवर गेले म्हणावं लागलं असतं. सून तिथं उभी होती. शेजारची बाई दारात होती. माझी इज्जत मी वाचवली.

दुसऱ्या दिवशी ती बापाला म्हणाली, करून दाखवते. घरासमोरच्या खडबडीत रस्त्यावर. पडली, पुन्हा उभी राहिली, पुन्हा पडली, कोपर सोललं. शेवटी प्रकाश म्हणाला, "झालं तुयं?" मी उंबरठ्यात मेथी निवडत बसले होते. तेव्हाही सांगता आलं असतं. मी काड्या वेगळ्या केल्या, पानं वेगळी केली.

संध्याकाळचं जाणं बंद झालं. लॉनवरच्या पोरांनी तिला फेकू म्हणायला सुरुवात केली, तेही कानावर आलं. पुढं फळी भंगारवाल्याला तिनं स्वतःच दिली. त्यानंतर ती मला काही सांगायलाच आली नाही. विचारलं की उत्तर द्यायची, तेवढंच.

आता ती पुण्याला नोकरीला आहे. रोज मेसेज करते, चांगली पोरगी आहे. पण प्रत्येक गोष्टीचा फोटो पाठवते. ऑफिसला पोहोचली — गेटचा फोटो. डॉक्टरकडे गेली — चिठ्ठीचा फोटो. मैत्रिणीकडे राहिली, तर मैत्रिणीसोबतचा फोटो, मागं भिंतीवर घड्याळ. कोणी मागितलेला नसतो. सून कौतुकानं म्हणते, किती काळजी घेते पाहा, आपल्याला घोर लागू देत नाही.

काल रात्री वरणभाताच्या ताटाचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'जेवली मी.' फोटो नको पाठवू बाई, तुझा शब्द पुरे — हे मी तिला म्हणू शकत नाही. कोणत्या तोंडानं म्हणू? मी अंगठ्याची खूण पाठवली आणि फोन पालथा ठेवला.