मी वैजापूरला होते, मग क्लासला कोण बसलं होतं?

भुताखेतांवर मी कधीच विश्वास ठेवला नाही. कुणी असलं काही सांगायला लागलं की माझा पहिला प्रश्न — यात फायदा कुणाचा? संशयी स्वभाव म्हणा हवं तर. म्हणूनच हा अनुभव लिहायला मला इतके दिवस लागले...

आम्ही संभाजीनगरला सिडकोत राहतो, टीव्ही सेंटरच्या मागं. दुमजली रो-हाउस. खाली मी, मिस्टर, मुलगी आणि सासूबाई. वर धाकटे दीर, जाऊ सुनीता आणि त्यांचा मुलगा. माझं डी.एड. लग्नाआधीच झालेलं, पण नोकरी नाही. मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी शिक्षक पात्रता परीक्षेचा, म्हणजे टीईटीचा, ऑनलाइन क्लास लावला. या वेळी नाही जमलं तर परत पुस्तकाला हात लावायचा नाही, असं घरात सांगूनच बसले होते.

सुरुवातीला उत्साह होता. मग तो ओसरला. दुपारचा क्लास, सगळ्यांचे कॅमेरे बंद, काळ्या चौकोनांत नुसती नावं. ना शेजारी मैत्रीण, ना कुणी रागावणारं. मी माइक बंद करून भाजी निवडायचे, कपड्यांच्या घड्या घालायचे. तिथं मी एकदाही तोंड उघडलं नव्हतं. सोडून द्यावा क्लास, असं रोज वाटायचं.

त्यातच सासूबाईंच्या भाचीचा साखरपुडा आला, वैजापूरला. मी क्लासच्या ग्रुपवर "उद्या येऊ शकणार नाही" असा मेसेज टाकला, लॅपटॉप कपाटात ठेवला. सकाळी मिस्टर कंपनीत गेले आणि घराला कुलूप लावून मी, मुलगी आणि सासूबाई निघालो. मुलाची परीक्षा म्हणून सुनीता तेवढी वर घरी होती. संध्याकाळी परत आलो, कुलूप मीच काढलं. घर होतं तसंच.

दुसऱ्या दिवशी क्लास सुरू होताच मॅडम म्हणाल्या, "वंदनाताई, काल येणार नाही म्हणालात आणि सगळ्यात छान उत्तरं तुमचीच! असंच बोलत जा."

मला वाटलं, नावात घोटाळा झाला असेल. क्लास सुटल्यावर आदल्या दिवशीचं रेकॉर्डिंग लावलं... आवाज माझा होता.

मॅडमनी विचारलं होतं, "मुलाला सारखी शिक्षा केली तर ते काय शिकतं?" आणि माझा आवाज म्हणाला — "लपवायला शिकतं, मॅडम."

मला हे सुचलंच नसतं.

पुढं तर मागून सासूबाईंचा आवाज आला. "वंदना, चहा टाकू का?" त्यावर — "थांबा ना आई, क्लास सुटू द्या."

सासूबाईंना ऐकवलं. त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला. "ही तर मीच हाय गं... पण तव्हा मी पोरीची ओटी भरत होते! फोटो हायेत की." मग हळूच म्हणाल्या, "अन् तू मला इतकं गोड कव्हा बोलती?"

माझा संशय सरळ सुनीतावर गेला. आमच्या घराची दुसरी किल्ली तिच्याकडं. शिवाय ती नकला लई भारी करते — सासूबाईंची तर अशी, की त्यांनाच हसू आवरत नाही. आणि आम्ही वैजापूरहून आल्यापासून ती माझ्याशी धड बोलतही नव्हती. चोराच्या मनात चांदणं!

तणतणत वर गेले. "सुनीता, माझ्या नावानं क्लासला तूच बसली होतीस ना? माझी चेष्टा करायला?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "ताई, उलट मीच रुसले तुमच्यावर. काल दुपारी खालून तुमच्या क्लासचा आवाज आला. म्हटलं, गेल्याच नाय का काय ह्या? खाली आले तर दाराला कुलूप नाय, आतून कडी. मी दार वाजवलं तर तुम्हीच आतून म्हणाल्या, 'क्लास चालूय, नंतर ये.' मला वाटलं, मला टाळायला वैजापूरचं खोटं सांगितलं..."

"कशाला थापा मारतेस?"

"पोराची शपथ, ताई."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पोराची शपथ सुनीता उगाच घेणार नाही, एवढं मी तिला ओळखते.

मिस्टर म्हणाले, आजकाल कुणाच्याही आवाजाची हुबेहूब नक्कल करता येते, कुणीतरी खोडी काढली असेल. असेलही. पण क्लासमध्ये मी कधी बोललेच नव्हते, तर त्यांना माझा आवाज मिळाला कुठून? सासूबाईंचा कुठून मिळाला? आणि सुनीताशी दाराआडून कोण बोललं? इथं आलं की तेही विषय बदलतात.

सुनीताशी बोलणं सुरू झालं, पण खाली यायच्या आधी ती आता फोन करते.

त्यानंतर मी एकही क्लास बुडवला नाही. कॅमेरा चालू, माइक चालू, प्रत्येक प्रश्नाला उत्तर. सासूबाई माझ्यामागं पलंगावर बसून राहायच्या, क्लास संपेपर्यंत अवाक्षर काढायच्या नाहीत. टीईटी निघाली. आता ओळखीतल्या मुली विचारतात, "ताई, घरी एकटं बसून अभ्यास करायला मोटिव्हेशन कुठून आणता?" मी म्हणते, सवय लागली की होतं.

त्यांना काय सांगू? त्या दुपारी काय झालं, ते मला स्वतःलाच आजवर उलगडलेलं नाही. मला एवढंच कळतं, की मी जागा सोडली आणि कुणीतरी येऊन बसलं... आणि बसताना तिनं दाराला आतून कडी घातली होती.