आजोबांचा नमदा

आमच्या घरात त्या टोपीला टोपी म्हणण्याची मुभा नव्हती. काळ्या, दाबलेल्या लोकरीच्या त्या गोल टोपीला आजोबा ‘नमदा’ म्हणत. पनवेलमध्ये आज हा शब्द उच्चारणारे ते एकटेच असावेत. गव्हाणच्या मिठागरावर मुकादम झाले तेव्हा त्यांनी ती घेतली. मिठागर गेले, शेतावर इमारती उभ्या राहिल्या, आम्ही सातव्या मजल्यावर राहायला आलो, तरी दर रविवारी सकाळी नमद्याची सेवा चुकली नाही. चहाच्या आधणाची वाफ द्यायची, एकाच दिशेने ब्रश फिरवायचा आणि पोह्यांच्या उपड्या डब्यावर तो चढवून ठेवायचा. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करणारी मी या प्रकाराकडे निरुपद्रवी कर्मकांड म्हणून पाहत असे.

चुलतभावाच्या लग्नाची सुपारी आपटा गावी, मुलीच्या घरी फुटणार होती. घरातले वडीलधारे म्हणून नारळ आजोबांनी स्वीकारायचा होता. आदल्या सकाळी नमद्याच्या कडेवर खोबरेल तेलाचा जुना थर मला दिसला. तेल म्हणजे उष्ण पाणी आणि डिटर्जंट, एवढा हिशेब मी क्षणात केला आणि कोणालाही न विचारता नमदा साठ अंशांवर मशीनमध्ये टाकला.

डाग पूर्ण गेला. बाहेर आलेली वस्तू मात्र नारळाच्या करवंटीवर बसली असती.

आजोबांनी ती तळहातावर ठेवली, फिरवून पाहिली. “बाय, ही कोनाच्या बारशाला शिवलीस?”

आईने कपाटातून पांढरी टोपी काढून पुढे केली.

“ही घालून जाऊ? मी काय पंगतीत वाढाला चाललोय?” ते म्हणाले. “नारळ बोडक्या डोक्यानं घेत नाय. उद्या तुमी जा. मी नाय येत.”

ते रागाने बोलले असते तर सोपे गेले असते. ते शांतपणे बोलले, म्हणून आईने पांढरी टोपी परत कपाटात ठेवली. आजोबांशिवाय सुपारी फुटली असती. पण आपट्याच्या अंगणात त्यांची जागा रिकामी दिसली असती आणि त्याला मी कारणीभूत असते.

मी माझ्या चुकीचे विश्लेषण केले, तेही कोरडेपणाने. डाग तेलाचा होता, हे निदान बरोबर होते. कापडाकडे मी पाहिलेच नव्हते. नमदा विणलेला नसतो. लोकरीच्या तंतूंवर खवले असतात. ऊब, साबण आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकत जातात. नमदा तयार होतो तो याच रीतीने. मी मशीनमध्ये तो आणखी थोडा तयार केला होता. अडकलेले खवले सुटणार नव्हते. परंतु ओलसर उष्णतेत लोकर ताण घेते आणि ताणलेल्या स्थितीत वाळली तर तो आकार बऱ्याच अंशी टिकवते. वाफ, मग डबा. आजोबा दर रविवारी नेमके हेच करत होते.

शिवणाची टेप घेऊन मी त्यांच्यासमोर उभी राहिले. “डोकं द्या.”

“आता डोकं पन धुतेस का?”

डोके सत्तावन्न सेंटिमीटर, नमदा त्रेपन्न. मी आतले अस्तर उसवले, पातेल्यात पाणी उकळायला ठेवले आणि पोह्यांचा डबा रिकामा केला. डब्याला पंच्याचा वेढा द्यायचा, वाफवलेला नमदा ओढून बसवायचा, दहा मिनिटांनी काढून पंच्याचा आणखी एक वेढा. चौथ्या फेरीत माझी बोटे भाजली. तोवर आजोबा खुर्ची घेऊन स्वयंपाकघरात आले होते.

“कडेला धरून वढू नको, फाटंल. वरनं दाब.”

मी वरून दाबले. दुपारपर्यंत साडेछप्पन्न झाले. त्यापुढे लोकर ऐकेना. संध्याकाळपर्यंत पंख्याखाली वाळवून मी अस्तर पुन्हा टाचले.

आपट्याला त्यांनी दोन्ही हातांनी नारळ घेतला तेव्हा मान किंचितही हलली नाही. व्याह्यांना तो रुबाब वाटला असावा. खरे कारण कमी पडलेला अर्धा सेंटिमीटर होता. घरी येऊन त्यांनी नमदा उतरवला, तर कपाळावर लालभडक वळ.

वळावरून बोट फिरवत त्यांनी नमदा माझ्या हातात दिला आणि वर ब्रशही ठेवला.

“लग्नाला चार रविवार हायत. होईल सैल?”

“होईल,” मी म्हणाले आणि पोह्यांचा डबा पुन्हा रिकामा केला.